कंपनीची जीभ

सोमवार, ३ फेब्रुवारी

झाले! मुख्य चाखणारी झाले! आजपासून खिडकीजवळची खुर्ची माझी.

धाकट्या मालकांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं आणि म्हणाले, "मास्तर निवृत्त झाले. ताई, आता तुम्ही या कंपनीची जीभ." अंगावर मूठभर मांस चढलं. घरी येताना रस्त्यात एकटीच हसत होते. समोरून येणाऱ्या एका बाईने मला बघून रस्ता ओलांडला.

बातमी ऐकून ह्यांनी शिवणयंत्रांचं दुकान चक्क लवकर बंद केलं. सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे आता नेमकं काय करायचं?" म्हटलं, "तेच, चहा चाखायचा. फक्त शेवटचा शब्द माझा." "तो घरात आहेच की," म्हणाल्या आणि माझ्या हातावर साखर ठेवली.

ही वही मुद्दाम नवी आणली. नव्या खुर्चीची हकीकत पहिल्या दिवसापासून लिहिणार आहे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

काय दिवस चाललेत! कंपनी नवा चहा काढणार आहे. संध्याकाळचा चहा. थकून घरी आलेला माणूस एका घोटात ताठ बसला पाहिजे, असं मालकांचं म्हणणं. मार्चच्या मध्यावर दुकानदारांना बोलावून चव द्यायची आणि लगेच माल बाहेर. मास्तरांनी यासाठी अख्खा हंगाम मागितला असता. मी म्हटलं, "होऊन जाईल!" तोंडातून कसं निघालं देव जाणे, पण निघालं.

मास्तरांच्या मदतनिसाची जागा सध्या भरणार नाहीत. मळेवाल्यांच्या दलालांशी बोलायचं, पत्ती निवडायची, तिचं मिश्रण ठरवायचं आणि वर चाखायचं, सगळं माझ्याकडे. तीन माणसांचं काम एकटीवर टाकायचं म्हणजे केवढा विश्वास!

आमच्या खोलीत लांबलचक टेबल आहे. त्यावर पांढऱ्या कपांची रांग. चमचाभर चहा सुर्रकन आवाज करत ओढायचा, तोंडभर फिरवायचा आणि थुंकायचा. घरी असा आवाज केला तर सासूबाई ताटावरून उठवतील. खोलीत अत्तर चालत नाही, कांदा-लसूण खाऊन यायचं नाही, पेपरमिंटच्या गोळ्या तर दाराबाहेरसुद्धा नकोत. दहापैकी गुण मोठ्याने सांगायचे, ते सगळ्यात नवख्याने आधी आणि मुख्याने शेवटी. नाहीतर वरिष्ठ बोलला की सगळ्यांच्या जिभा त्याच्या मागे जातात, असं मास्तर म्हणायचे. शिवाय रांगेत दोन कप एकाच चहाचे लपवलेले असतात. शेवटी ती जोडी ओळखायची. कोणाची जीभ जागी आहे ते त्यावरून कळतं. इतक्या वर्षांत माझी जोडी कधी चुकली नाही. हे मी नाही, मास्तर सांगायचे.

आता खोलीत आम्ही तिघं. मी, चष्मिस आणि पैलवान. पैलवानाला फुंकर मारली तर तो खिडकीतून जाईल, म्हणून पैलवान.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

पायाला भिंगरी लागली आहे. दुपारचं जेवण उभ्यानेच होतं, तेही झालं तर. मालकांचा फोन कधीही येतो. आज डबा उघडला तेव्हा, मग जिन्यात, मग हात धुताना. त्यांचा उत्साह असा की ऐकणाऱ्याला बसवतच नाही. "ताई, स्फोट झाला पाहिजे, स्फोट!"

छातीत थोडं जळजळतं. आनंद पोटात मावत नसेल, म्हणून वर येत असेल. औषधाच्या दुकानदाराने चघळायच्या पांढऱ्या गोळ्या दिल्या. तोंडात टाकली की घशापासून छातीपर्यंत गारेगार! वर पुदिन्याची मस्त चव. कपाटात आणि पर्समध्ये एकेक पाकीट ठेवलंय. नवीन मुख्याला पित्त झालं म्हणून उगाच चर्चा नको, त्यामुळे व्हरांड्यात जाऊन चघळते आणि चूळ भरून आत येते. औषधच आहे, खाऊ थोडाच आहे.

बुधवार, १९ फेब्रुवारी

दलालांनी यंदा काय कचरा पाठवला आहे! सगळे नमुने मिळमिळीत. एकात दम नाही. मी तीन दलालांना फोनवर असं झापलं की पैलवानाने दार लावून घेतलं. एक म्हातारा दलाल म्हणाला, "ताई, हीच पत्ती तुम्ही गेल्या वर्षी वाखाणली होती." म्हटलं, गेल्या वर्षी मी वाखाणली असेल, यंदा ती नासली. कडक पत्तीचं प्रमाण वाढवायचं ठरवलं.

आज चष्मिस मध्येच थांबून नाक फेंदारून म्हणाली, "ताई, इथे कसला तरी गार गार वास येतोय." मला काहीच येत नव्हता. फरशी पुसायचं नवं औषध असणार. झाडणाऱ्या बाईंना बोलावून चांगलं सुनावलं. त्या म्हणाल्या, "मी तर साध्या पाण्याने पुसते." मी म्हटलं, तर मग पाणी बदला.

रविवार, २३ फेब्रुवारी

सुट्टी. म्हणजे मालकांचे फोन फक्त चार.

आज भाजी मी केली. पहिला घास घेऊन हे पाणी प्यायले. दुसरा घास घेऊनही पाणी प्यायले. सासूबाई म्हणाल्या, "पगार वाढला म्हणून मीठ वाढवलंस का गं?" मला तर भाजी अळणीच लागली होती! दोघांनी संगनमत केलं आहे. मी वरून आणखी मीठ घेऊन खाल्ली, त्यांच्या नाकावर टिच्चून.

हे सांगतात की झोपेत मी दात खाते. "तेल न घातलेलं यंत्र चालावं तसा आवाज येतो," म्हणे. सकाळी जबडा दुखतो खरा. पण झोप असते कुठे फारशी? डोळे मिटले की कपांची रांग दिसते आणि छाती अशी धडधडते की काय सांगू. लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा एवढी धडधडली नव्हती. ह्यांना हे सांगितलं तर गडी रुसला.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

आज एक मोठा शोध लावला. मी आधी गुण सांगायचे! नवख्यापासून सुरुवात केली की जो तो विचार करत बसतो, खोकतो, परत चाखतो. मी पहिल्या झटक्यात "नऊ!" म्हटलं की पैलवान म्हणतो नऊ, चष्मिस थोडी थांबून म्हणते आठ, आणि चला पुढे! दिवसाचं काम दुपारीच संपलं. आणि काय एकमत! मास्तरांच्या काळात किती भांडणं व्हायची. खोलीत असा एकोपा मी पाहिला नव्हता.

मालक खूश. म्हणाले, "ताई, तुम्ही रॉकेट आहात." जिना चढताना रॉकेटला मधेच कठड्याला धरून उभं राहावं लागलं. पण ते जाऊ दे.

मिश्रण आता तयार होत आलंय. कडक पत्ती आणखी दोनदा वाढवली. आता कुठे जिभेला काहीतरी जाणवतंय.

बुधवार, ५ मार्च

पैलवानाने आज घोळ घातला. आमच्या नव्या चहाची जोडी त्याने रांगेत लपवली होती. मी एका कपाला नऊ दिले, एकाला तीन. शेवटी तो पडलेल्या आवाजात म्हणाला, "ताई... जोडी तीच होती." शक्यच नाही! मी म्हटलं, तू कप बदललेस. तो म्हणाला, "हो, बदलले असतील. माझंच चुकलं." बघा, कबूलच केलं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

चष्मिस मात्र माझ्याकडे बघत राहिली. नंतर व्हरांड्यात गाठून म्हणाली, "ताई, रागावू नका, पण दोन दिवस रजा घेता का? डोळे बघा कसे झालेत तुमचे. मी सांभाळते इथलं."

मी सांभाळते! मी काय दुधखुळी आहे? खुर्ची गरम आहे तोवर बसायला बघतेय. गोड आवाजात म्हणाले, "तुझी वेळ येईल हं." तिचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण कामाच्या जागी असं मन मऊ ठेवून चालत नाही. लगेच जळजळ उठली. दोन गोळ्या एकदम चघळल्या.

सोमवार, १० मार्च

मिश्रण झालं!! खाली गोदामात ते मोठं पिंप फिरताना पाहिलं. त्यातून माझा चहा पोत्यांत पडत होता, काळाभोर, दाणेदार. माझा! डोळ्यांत पाणी आलं. भोवळही आली, पण पिंप गरगर फिरत होतं ना, त्याच्याकडे बघून कोणालाही येईल.

अक्षर वाकडं येतंय कारण हात थरथरतोय. हे म्हणतात डॉक्टरकडे चल. म्हटलं, तेराला दुकानदार येऊन गेले की चौदाला जाऊ. "यंत्र बंद पडल्यावर दुरुस्त करायला जास्त वेळ लागतो," हे म्हणाले. त्यांना सगळीकडे यंत्रंच दिसतात.

गुरुवार, १३ मार्च, सकाळ

आज! आज! आज! नवीन साडी. घास उतरत नाही. सासूबाईंच्या पाया पडले. छाती नुसती ढोल वाजवतेय. जबडा, डावा खांदा, सगळं ताठलंय. मी इतकी उत्साहात कधीच नव्हते.

शुक्रवार, १४ मार्च, दवाखाना

डॉक्टरकडे चौदाला जाऊ म्हटलं होतं. शब्द पाळला, एक दिवस आधीच.

काल सभागृह भरलेलं होतं, हेही मागच्या रांगेत होते. मालकांनी माझं नाव पुकारलं, मी उभी राहिले, "नमस्कार" म्हटलं आणि छातीत कोणीतरी निखारा ठेवला. घाम फुटला. समोरचे चेहरे पातळ झाले. मला वाटलं, संपलं, आपण इथेच जाणार, नवीन साडीत. पुढचं आठवतं ते ह्यांनी हातात घेतलेलं माझं मनगट आणि दवाखान्याच्या वाटेत त्यांचं सारखं "अगं, बोलत राहा, काहीही बोल."

डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या आहेत. आज तपासण्या बघून म्हणाल्या, "हृदय ठीक आहे. पण रक्तदाब बराच चढलाय आणि पित्त वर येऊन येऊन घसा आतून भाजून निघालाय. जेवण नाही, झोप नाही, जीव सतत टांगणीला. समोर वाघ आहे की मालक, हे शरीराला कळत नाही बाई. ते आपलं पळायच्या तयारीत राहतं. महिनाभर पळत होतात तुम्ही."

मी म्हटलं, "पण मी तर आनंदात होते!"

"असाल की," त्या म्हणाल्या. "त्याने काही पोटाला सुट्टी मिळत नाही."

मग त्यांनी औषधं कोणती घेता असं विचारलं. ह्यांनी माझी पर्स गादीवर उलटी केली. रिकाम्या पाकिटांचा ढीग पडला. मलाच बघवेना. डॉक्टर बाईंनी एक पाकीट हुंगलं. "दिवसभर हे चघळता? मग तोंडाला दुसरी चव कळते तरी कशी? काम काय करता तुम्ही?"

मी तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं.

पुदिना. महिनाभर मी चाखण्याच्या खोलीत पुदिना चघळून गेले. शाळकरी पोर करणार नाही ती चूक मुख्य चाखणारीने केली. गार वास माझ्याच तोंडाचा होता. पत्ती चांगली होती. जोडी पैलवानाने बरोबर लपवली होती. भाजी खारट होती! मी हसायला लागले आणि हसता हसता अशी रडले की डॉक्टर बाईंनी पुन्हा रक्तदाब बघितला.

दुपारी चष्मिस आली. थर्मासमधून नवा चहा घेऊन आली होती, मीच फोन करून मागवला होता. मी घोट घेतला. गरम आहे एवढंच कळलं. ह्यांना दिला. हे कधी माझ्या चहाला नावं ठेवत नाहीत. त्यांनी घोट घेतला, गिळला, आणि कप लांब सरकवला. मग म्हणाले, "हा चहा माणसाशी भांडतो गं."

चष्मिसला विचारलं, "दुकानदार काय म्हणाले काल?"

"पहिल्या रांगेतल्या एकाने विचारलं, यात काय उकळलंय? मालक म्हणाले, कडक आहे, सवय होईल. उद्या सकाळी गाड्या निघणार आहेत, ताई."

"तुला माहीत होतं ना? मग गुण का दिलेस आठ?"

ती चष्मा पुसत बसली. "तुम्ही आधीच नऊ म्हणालात. मग मी तीन कशी म्हणणार?"

मी तिचा हात धरला. माफी मागितली, तिची आणि तिच्यामार्फत पैलवानाची. झाडणाऱ्या बाईंची स्वतः मागेन म्हटलं. मग मालकांना फोन लावला.

"पोती थांबवा. चहा बिघडलाय. मी बिघडवलाय."

"ताई, औषधाच्या गुंगीत आहात तुम्ही. आराम करा."

"गुंगीत मी महिनाभर होते. आता शुद्धीवर आहे." मग गोळ्यांचं सगळं सांगितलं.

 पलीकडचा आवाज थंड झाला. "या फोननंतर ती खुर्ची तुमची राहील असं मी म्हणू शकत नाही. कळतंय ना?"

"कळतंय. गाड्या थांबवा."

फोन ठेवल्यावर कळलं की मी गादीवर उभी होते. हे खाली दोन्ही हात पसरून उभे होते, मी पडले तर झेलायला.

शुक्रवार, २१ मार्च

घरी. पोती गोदामातच आहेत. चष्मिस त्यात सौम्य पत्ती मिसळून तो चहा माणसात आणतेय. खुर्चीबद्दल कोणी काही बोलत नाही.

गोळ्या बंद. आता वेगळी औषधं आहेत, वेळेवर जेवण आणि दुपारची झोप. घसा बरा झाला की जीभ परत येईल, बहुधा, असं डॉक्टर बाई म्हणाल्या. त्या "बहुधा"ने माझी पाचावर धारण बसली आहे. मला दुसरं काही येत नाही. शिवणकाम येत नाही, हिशोब येत नाही. चव कळते, एवढंच येतं. साखर घेतली, नुसती खरखर. लिंबू चोखलं, ओलं. सासूबाई रोज सकाळी काहीतरी जिभेवर ठेवतात आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघतात. आज मी नुसती मान हलवली तेव्हा त्या आत गेल्या आणि बराच वेळ भांडी आपटत होत्या.

मंगळवार, ८ एप्रिल

हे आत्ताच्या आत्ता लिहून काढलं पाहिजे!

सकाळी अंघोळ करून बाहेर आले, अजून पोटात पाण्याचा थेंबही नव्हता, आणि फोन वाजला. मालक! आवाजात मध. चष्मिसने सुधारलेला चहा बरा चाललाय. मागचं सगळं विसरू या म्हणाले. खुर्ची माझीच आहे. आणि आता सकाळचा चहा काढायचा, पंधरा दिवसांत! "उद्याच या ताई. तुमच्याशिवाय हे कोण करणार?"

"आले!" मी ओरडले. खरंच ओरडले. डॉक्टर बाईंनी अजून दोन आठवडे घरी राहायला सांगितलंय, हे त्या क्षणी मला आठवलंसुद्धा नाही. खुर्ची माझी! फोन ठेवला, छाती धडधडत होती, पाय जमिनीवर ठरत नव्हते, आणि तेवढ्यात घशाशी काहीतरी आलं.

आंबट.

आंबट! लख्ख आंबट, मागून बारीक कडू, आणि जिभेच्या मुळाशी रेंगाळणारं. मी जागच्या जागी तोंड मिटून उभी राहिले, ते तोंडात नीट फिरवलं. चुकत नव्हतं. किती दिवसांनी पहिली चव!

"आंबट! आई, आंबट! अहो, आंबट!"

सासूबाई पदराला हात पुसत धावत आल्या. माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं. "अगं बाई, या वयात?" हे लाजले! मी हसत सुटले, त्यांच्या गळ्यात पडले, मग सासूबाईंना उचलायला गेले तर त्यांनी हात झटकला. जीभ परत आली! आली म्हणजे आली! सासूबाईंनी साखर आणली, गोड लागली. मिठाचा खडा आणला, खारट लागला. पोरांसारखं आम्ही तिघांनी अर्धं स्वयंपाकघर चाखलं.

मग जरा टेकले आणि तोंडातली ती पहिली चव पुन्हा आठवली. चाखणारीची सवय, प्रत्येक चवीला विचारायचं, बाई तू आलीस कुठून. खाल्लं काहीच नव्हतं. दहा दिवसांत जळजळ एकदाही नव्हती. घशाशी आंबट आलं ते "आले!" म्हटल्यावर. त्याच धडधडीसोबत, जिला मी महिनाभर आनंद म्हणत होते. आनंद होताही, खोटं कशाला बोलू. खुर्ची मला अजूनही हवी आहे, फार हवी आहे. पण त्यात ते वाघापुढे पळणंही मिसळलेलं होतं, अर्ध्याहून जास्त, आणि मला ते आज पहिल्यांदा वेगळं ओळखता आलं.

हे दुकानात जायला निघाले होते. म्हणाले, "उद्या कंपनीत जायचं ना? सोडायला येऊ?"

"थांबा जरा," म्हटलं आणि मालकांना उलट फोन लावला. 

"साहेब, मी उद्या येत नाही. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करून येईन. आणि आल्यावर मदतनिसाची जागा भरलेली असली तरच सकाळचा चहा हातात घेईन. पंधरा दिवसांत तो होणार नाही."

"अहो, आत्ता तर आले म्हणालात!"

"म्हणाले. चुकून म्हणाले."

 ते म्हणाले, "ताई, कंपनीचं नुकसान होईल."

"होईल," मी म्हणाले.